दर दहा मिनिटांनी एक रिकामी ओळ

मी एक सेशन बोलतोय. ऐकताना माझ्याकडे बघू नका, म्हणजे मला सांगायला जरा सोपं जाईल.

सेशन म्हणजे काय, ते आधी सांगतो. आमच्या संस्थेच्या तळघरात आठ मोठे कॉम्प्युटर एकमेकांना जोडून ठेवलेत. वरच्या मजल्यांवरची माणसं आपापल्या टेबलावरून त्यांच्यावर प्रोग्राम लिहितात, चालवतात. जागा मात्र एका वेळी बाराच जणांना. कुणी आत आलं की त्याच्या नावानं एक सेशन जन्मतं आणि तो बाहेर पडेपर्यंत ती जागा धरून बसतं. मी असाच एका सोमवारी सकाळी जन्मलो.

माझा मालक हुशार, पण भारी धांदरट. अर्धा तास काही हालचाल दिसली नाही की सेशन आपोआप बंद, असा इथला नियम. मागे एकदा जेवून येईस्तोवर त्याची जागा गेली होती, म्हणून या खेपेला त्यानं शक्कल लढवली. दर दहा मिनिटांनी माझ्यात एक रिकामी ओळ टाकणारा चिमुकला प्रोग्राम लिहिला. बघणाऱ्याला वाटावं, पठ्ठ्या कामात आहे. मलाही तेव्हा गंमतच वाटली, खोटं कशाला बोलू?

त्याच सोमवारी दुपारी त्याच्या आईचं ऑपरेशन अचानक अलीकडे आलं आणि तो आठवडाभराच्या रजेवर पळाला. मला बंद करायचं राहूनच गेलं. मी आपला खायला काळ नि भुईला भार.

मंगळवारी ताई आल्या. सगळे त्यांना ताईच म्हणतात. एका जुन्या पुलाचे खांब किती भार पेलतील, याचं त्यांचं गणित होतं आणि ते सलग दोन दिवस चालणार होतं. शुक्रवारी पाचच्या आत अहवाल दिला तरच त्यांची नोकरी कायम व्हायची. सहा वर्षं दर वर्षी मुदत वाढवून घेत काढली होती बिचारीनं. आणि बाराही जागा भरलेल्या. अकरांत काम, एकीत मी.

बुधवारी सकाळी यंत्रखोली सांभाळणाऱ्या काकांनी यादीत माझ्यावर बोट ठेवलं. हा रजेवर आहे, पण काम चालू दिसतंय, बंद करू का, असं त्यांनी ताईंना विचारलं. माझा जीव भांड्यात पडला. करा म्हणा, ताई!

"नको काका," ताई म्हणाल्या. "माझं काम एकदा असंच कुणीतरी मधेच बंद केलं होतं. दीड महिना वाया गेला. कुणाचं असं मोडायला नको."

निदान फोन करतो, असं काका म्हणाले. त्यालाही त्या नको म्हणाल्या, त्याची आई आजारी आहे म्हणून. तेवढ्यात दहा मिनिटं भरली आणि मी निलाजऱ्यासारखी एक रिकामी ओळ टाकली. तोंड असतं तर ओरडलो असतो.

गुरुवारी दुपारी दुसरी एक जागा सुटली. ताईंचं गणित शनिवारी दुपारी पुरं झालं. उत्तर अगदी बरोबर आलं. पण आता ते कोण वाचणार?

सोमवारी मालक परतला. मी अजून जिवंत दिसल्यावर आधी हसला. मग काकांकडून सगळं कळलं तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात ताईच टेबलापाशी आल्या. आई कशी आहे विचारलं, आणि मग म्हणाल्या, "झालं का रे तुझं काम? आठवडाभर चालू होतं."

त्यानं मान खाली घातली. "हो ताई. झालं."

"बरं झालं. कुणाचं तरी झालं," म्हणाल्या आणि आपलं सामान खोक्यात भरायला गेल्या.

तेव्हापासून तो माझ्यासमोर बसलाय. टाइप काहीच करत नाही. ओळी मात्र पडताहेत. अरे बाबा, मला बंद कर, माझी काही तक्रार नाही. पण आधी ऊठ. त्यांचं टेबल चारच पावलांवर आहे, आणि खोकं अजून भरलेलं नाही.