उजव्या डोळ्यामागची खोली

सायनसच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी माझ्या उजव्या डोळ्यामागे एक खोली निघाली. डावा डोळा मिटला की ती दिसायची. ओलसर भिंती, एक स्टूल, आणि नाकाकडच्या भिंतीला बोट जाईल एवढं भोक.

ऑपरेशन माझ्या ताईनंच केलं होतं. येवल्याच्या आमच्या घरात डॉक्टर झालेली ती पहिली. माझे यजमान मनोहर म्हणाले होते, दुसऱ्या कुणाला तरी दाखवू. त्यावरून मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नव्हते.

उजवा डोळा काळानिळा होऊन बाहेर आला होता. मागावर बसले की पैठणीतल्या एका मोराचे दोन व्हायचे. त्यातला खोटा कुठला, ते हात लावल्याशिवाय कळायचं नाही.

ताई रोज सकाळी यायची. पलंगाशी बसून मोसंबं सोलायची आणि सांगायची की सूज आहे, उतरेल. चौथ्या दिवशी ती सांगत असताना मी डावा डोळा मिटला. खोलीत ताई पाठमोरी बसली होती. अंगावर ऑपरेशनचे हिरवे कपडे. ती भोकावर कागद चिकटवत होती. खळीची वाटी मनोहरांनी धरली होती.

"इथलं हाड कागदासारखं असतं," खोलीतली ताई त्यांना म्हणाली. "माझ्या हातून फुटलं. शकूला सांगायचं नाही."

"नाही सांगत, ताई."

मी डोळा उघडला. पलंगाशी बसलेल्या ताईनं मोसंब्याची फोड पुढे केली.

"ताई, काही फुटलं का गं?"

"काही नाही. तू आराम कर."

मनोहर खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या बोटांना खळ लागली होती.

त्या दिवसापासून घर कमी होऊ लागलं. आधी आरसा गेला, मग माग. डावा डोळा मिटला की सगळं आतल्या खोलीत दिसायचं, भिंतीला टेकवून नीट ठेवलेलं. खोली लांब झाली होती, भोकही मोठं झालं होतं. मला दुसऱ्या डॉक्टरांकडे न्या, असं मी मनोहरांना म्हटलं. ते म्हणाले, ताईंना काय वाटेल.

शेवटी पलंग तेवढा उरला. ताईनं माझ्या डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला.

"वर बघ, शकू."

मी बघितलं. खोलीत उजेड फक्त एका गोल झरोक्यातून येत होता, माझ्या बुबुळातून. मनोहर स्टुलावर चढून त्यावर कागद लावत होते. ते पडू नयेत म्हणून ताईनं स्टूल दोन्ही हातांनी धरलं होतं.