तपासणीची दुसरी बाजू

ताईला मी आयुष्यात एकदाच फसवलं, तेही निव्वळ कंटाळ्यापोटी.

आम्हा बहीणभावाची दोन खोल्यांची कंपनी. आमचा प्रोग्राम एका हॉस्पिटलात, वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या कक्षात चालतो. बाळाचा श्वास मंदावला की घंटा वाजवतो. त्यात इतरांनी लिहिलेली तयार पॅकेजं जोडलेली असतात आणि त्यांची यादी सोबत द्यावी लागते, कारण नव्या मशीनवर यादीप्रमाणेच सगळं चढतं. म्हणून दर वेळी दोन्ही बाजूंनी तपासायचं: यादीतलं सगळं कोडमध्ये वापरलंय का, आणि कोडमध्ये वापरलेलं सगळं यादीत आहे का. आधी मी तपासून सही करायची, मग ताईने पुन्हा तपासून सही करायची.

त्या सकाळी मी पहिली बाजू तपासली. आलेख काढणारं एक पॅकेज कुठेच वापरात नव्हतं, ते मोठ्या ऐटीत काढून टाकलं. दुसऱ्या बाजूचा आला कंटाळा. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर घंटा ठणठणीत वाजत होती, मग कशाला डोकं खपवा? ताईने विचारलं, दोन्ही बाजू झाल्या का. मी मान डोलावली आणि तपासणीच्या कागदावर सही ठोकली. तिने डोळे झाकून सही केली आणि नवं मशीन बसवायला गेली.

जेवण झाल्यावर मन खाऊ लागलं, म्हणून कोऱ्या लॅपटॉपवर तोच प्रोग्राम चढवला. खोटा श्वास मंद करून पाहिला. आकडा लाल झाला, घंटा गप्प.

घंटेचं पॅकेज आमच्या यादीत कधी नव्हतंच. मी काढलेलं पॅकेज त्याला बोटाला धरून आणत होतं, आणि माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर ते आधीच चढलेलं होतं. आणि आवाज निघाला नाही तर निमूट पुढे जा, असं कोडमध्ये लिहून ठेवणारा शहाणाही मीच. ताईला गाठायला लगेच फोन लावला.

कक्षात मोबाइल नेत नाहीत. तिथला फोन मोठ्या सिस्टरांनी उचलला. जुनं मशीन दहा मिनिटांपूर्वीच काढून नेलं, म्हणाल्या, आणि सगळं कसं शांत आहे.

"ते शांतच राहील," मी म्हणालो. "घंटा वाजणार नाही. प्रत्येक बाळापाशी माणूस उभा करा."

त्या मशीनला बाहेरचं इंटरनेट जोडायची मनाई. पॅकेज पेनड्राइव्हवर घेऊन मी धावत सुटलो.

नऊ बाळं होती आणि माणसं आठ. एक सिस्टर बाळांच्या दोन काचेच्या पेट्यांवर नजर ठेवून होती. ताईने माझ्या हातातून पेनड्राइव्ह ओढून घेतला. मोठ्या सिस्टरांनी मला हात धुवायला लावले आणि नवव्या पेटीपुढे उभं केलं.

"छातीकडे बघायचं. थांबली की हाक मारायची. दुसरीकडे बघायचं नाही."

ओंजळीत मावेल एवढं बाळ. श्वास कसला, नुसती कातडी हलायची. मध्येच ती हलेना. मी मोजू लागलो, एक, दोन, तीन, आणि हाक मारायची सोडून मोजतच राहिलो. मग हलली. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

मागे घंटा वाजली. ताईने चाचणी घेतली होती. पुन्हा घेतली, तिसऱ्यांदाही घेतली.

कक्षाच्या डॉक्टरीणबाई तपासणीचा कागद घेऊन आल्या. यावर दोन सह्या आहेत, मग हे झालं कसं, त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत ताई बोलली.

"त्याने अर्धं तपासलं. मी काहीच तपासलं नाही. भाऊ हो म्हणाला, म्हणून सही केली."

ती मला खोटारडा म्हणाली असती, तर बरं वाटलं असतं.