तीन हाका

त्याची चार नावं होती आणि चारही खोटी. एका शहरात विम्याचा माणूस, दुसऱ्यात घड्याळजी, तिसऱ्यात औषधांचा विक्रेता आणि चौथ्यात तर चक्क विधुर! बायको कधी नव्हतीच, पण शोक असा करायचा की शेजारणी डोळे पुसत जेवण आणून द्यायच्या.

या चार नावांनी मिळून त्याने नऊ माणसं मारली. पोलिसांना कधी वास लागला नाही, कारण त्याला या धंद्यात आणणाऱ्या मास्तरांची शिकवणच तशी होती. खरं नाव कुणी पुकारलं तर पापणी हलता कामा नये. मास्तर जेवताना, झोपेत, भर बाजारात हाक मारायचे. मान वळली की फाडकन कानाखाली. घरचं लाडाचं नावसुद्धा त्यांनी कुठूनसं काढलं होतं, ढब्बू. वर्षभरात त्याही नावाला मान वळेनाशी झाली. मास्तर खूश, आणि हा मूर्खही खूश!

घर सोडून बावीस वर्षं झाल्यावर ताईचा फोन आला. फक्त मरणाधरणाला म्हणून दिलेला नंबर होता तो.

"आईचं काही खरं नाही रे. सारखं तुझंच नाव घेतेय. तुझं काय ते काम चुलीत घाल आणि ये."

तो निघाला. वाटेत एकच वाक्य घोकत होता, "चुकलो, आई." माफी मिळो न मिळो, तिच्या कानावर एवढं तरी पडायला हवं होतं.

अतिदक्षता विभागात एका वेळी एकालाच सोडत. ताई आत होती. तो बाहेर बाकावर बसला, भिंतीला पाठ लावून, हातात वर्तमानपत्र. सवय, दुसरं काय!

दार उघडून नर्सने विचारलं, "ढब्बू कोण आहे इथे?"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"ढब्बू! अहो, ढब्बू आलेत का?"

 त्याच्या हाताने शांतपणे पान उलटलं, तोंड इतरांसारखंच हसलं, आणि डोक्यात पहिला विचार आला की इथे हे नाव कुणाला ठाऊक? अरे करंट्या, तुझ्या आईला!

हे उमगेपर्यंत दार लागलं होतं. त्याने धावत जाऊन ते ठोठावलं. बऱ्याच वेळाने उघडलं, तर समोर ताई.

"तू इथेच होतास?"

"हो."

"हाक ऐकू आली नाही?"

"आली."

ताई त्याच्याकडे बघतच राहिली. "आई माझा हात सोडेना, म्हणून नर्सला पाठवलं. तिने येऊन सांगितलं, बाहेर कुणी नाही. आई म्हणाली, 'असू दे, कामात असेल पोर.' आणि गेली रे."

तो आत जाऊन कॉटशेजारी उभा राहिला.

"आई, मी ढब्बू." आवाज त्याचा त्यालाच ओळखीचा वाटेना. त्याने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने.

तो तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा ताईने नळ्या काढणाऱ्या नर्सला थोडं थांबायला सांगितलं.