सूर्य बुडायच्या आधीची चार मिनिटं

मी एक जुना ढोल आहे, मित्रांनो. जावा बेटावरच्या एका मशिदीच्या पडवीत टांगलेला असतो. इथे मला बेदुग म्हणतात. माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगतो. माझं पोट फणसाच्या खोडाचं आणि तोंड म्हशीच्या कातड्याचं. म्हैस तरणी होती, असं मला घडवणारा कारागीर शपथेवर सांगायचा. मला ते अजून खरं वाटत नाही.

रमजानात सारं गाव माझ्याकडे कान लावून बसायचं. सूर्य बुडाला की मी वाजणार आणि मग उपास सुटणार. मला वाजवायचे सरकावी, मशिदीची राखण करणारे एकटे विधुर. त्यांची खोली मशिदीमागेच होती, तीही गावप्रमुखांच्या मेहेरबानीवर. माणूस भला, पण सगळ्यांना 'हो' म्हणणारा. अशा माणसाचा मला फार संशय येतो.

आणि तो खरा ठरला. एका वर्षी गावप्रमुखांची म्हातारी आई तुमिनीआजी उपासाने गळून गेली. तिला उपास सोडायची मुभा होती, पण बेदुग वाजल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेईना. गावप्रमुख पडवीत येऊन हळूच म्हणाले, "दोन-चार मिनिटांनी काय होतंय? वाजव." सरकावींनी वाजवलं. लोक खूश! "आज काय गोड वाजला," म्हणाले. मीही फुगलो, कबूल करतो. सरकावींनी मात्र त्या दिवशी खजूर तोंडात घातला नाही. पण झालेली गोष्ट वर्षभर कुणाला सांगितलीही नाही.

पुढच्या रमजानात एक ढगाळ संध्याकाळ आली. गावप्रमुखांच्या मुलीला बघायला शहरातून पाहुणे आले होते. नारळाच्या दुधातल्या गोड केळ्यांच्या वाट्या मांडून झाल्या होत्या.

"सरकावी, झाली की वेळ!"

"अजून चार मिनिटं आहेत, पाक लुराह," सरकावी म्हणाले. गावप्रमुखांना इथे असंच म्हणतात.

"ढगात सूर्य दिसतोय का कुणाला? पाहुणे खोळंबलेत. गेल्या वर्षी बरं वाजवलंस!"

आता हा उचलणार काठी, असं मी मनात म्हटलं. काठी उचलली ती गावप्रमुखांनीच. तेवढ्यात सरकावींनी दोन्ही पंजे माझ्या कातड्यावर पसरले. घाव बोटांवर बसला. मी नुसता 'धप्प' झालो.

"खोली सोडावी लागेल, कळतंय ना?"

"सोडतो. वरच्याला एकदा फसवून बसलोय. पुन्हा नाही."

चार मिनिटांनी त्यांनी सुजल्या हाताने मला वाजवलं. नमाजानंतर सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले, "गेल्या वर्षी मी वेळेआधी वाजवलं. तुम्हा सगळ्यांचा एक उपास माझ्यामुळे मोडला. तो भरून काढा, आणि जमलं तर मला माफ करा."

काय गलका उडाला! जन्मभर सगळ्यांची मनं राखणाऱ्या माणसाने एका संध्याकाळी अख्खं गाव नाराज केलं. दुसऱ्या दिवशी ते आपली वळकटी घेऊन बहिणीकडे गेले.

ईदनंतर तो राहिलेला उपास सगळ्यांनी एकाच दिवशी धरला. संध्याकाळी माझ्यापाशी गावप्रमुखांचा नवा माणूस उभा होता. तुमिनीआजी आली ती सरकावींना बहिणीकडून बोलावून, त्यांचा हात धरून.

"आई, माणूस नेमलाय मी," गावप्रमुख म्हणाले.

"तुझा माणूस तुझं तोंड बघून वाजवेल. हा आभाळ बघून वाजवतो." मग ती सरकावींकडे वळली. "आणि तू रे, मी चक्कर येऊन पडले तरी वेळेआधी काठी उचलायची नाही."

म्हातारी खरंच एकदा डगमगली. लोक ओरडले. सरकावींचे डोळे भरले, पण हात हलला नाही. मग वेळ झाली आणि त्यांनी मला वाजवलं. मित्रांनो, साऱ्या आयुष्यात तेवढ्या एका संध्याकाळी मी कुणावर संशय घेतला नाही.

आता मशिदीत लाऊडस्पीकर आहे. माझं कातडं उंदीर कुरतडतात. सवड झाली तर त्यांना हाकला, थोडं तेल लावा. पण 'काय गोड वाजतो' असं मात्र म्हणू नका. मी एकदा फुगलो होतो, तेवढं पुरे.