माझं शिंगरू आणि राजाचा मान
मी नगार नावाच्या शहरातली एक म्हातारी गाढवी आहे. मित्रांनो, नगारचा उंच तट पाहून लोक राजाचे गोडवे गातात, तेव्हा माझं डोकं फिरतं. त्या तटाची माती मी वाहिली. कोठारातला जव मी वाहिला. आणि कोठार भरल्यावर राजवाड्यातून हुकूम काय सुटला? गावातल्या धडधाकट गाढवी राजाच्या!

रानातून पकडून आणलेल्या एका रानगाढवाबरोबर मला कोंडलं. तो नुसता चावायचा. त्याच्यापासून मला शिंगरू झालं, ताकदीने आम्हा दोघांना भारी. असलीच जनावरं राजाचा गाडा ओढत. दूध सुटेपर्यंत मी आणि शिंगरू माझ्या मालकिणीकडे, उम्मीकडे राहिलो. शिंगराचा एक पाय जन्मापासून अधू होता. उम्मीने रोज तेल चोळून आणि पट्ट्या बांधून तो नीट केला. पाय सुधारल्याचं कळताच राजाची माणसं आली आणि ओठात कडी अडकवून त्याला घेऊन गेली.

पुढे राजा मेला. राजाबरोबर त्याच्या गाड्याची जनावरंही पुरायची, अशी इथली रीत. अधू जनावर मात्र चालत नाही. हे आठवून उम्मी मला ओढतच तबेल्यात घेऊन गेली.

"दादा, तो जन्माचा लंगडा आहे," ती तबेल्याच्या कारभाऱ्याला म्हणाली. "असलं जनावर देऊन देवाचा कोप कशाला ओढवून घेता?"

चाल पाहायला कारभाऱ्याने त्याला मोकळं सोडलं. मला पाहताच माझं लेकरू चौखूर उधळत आलं आणि माझ्या मानेला नाक घासू लागलं.

"मावशी, असं लंगडं मलाही होता आलं तर बरं," कारभारी हसत म्हणाला. "फार निगा राखलीस हो. राजाचं नशीब."

"मी कशाला गं तो पाय नीट केला?" उम्मी मला विचारत राहिली.

माझ्या लेकराला खड्ड्यात उभं केलं, पुढ्यात जव ठेवला आणि पुरलं. याला ते मान म्हणतात! आग लागो त्या मानाला.

मित्रांनो, मुक्या जनावरांना जीव लावा, असं सांगून मी निरोप घ्यायला हवा. पण उम्मीने जीवच लावला होता. आता आमच्या गावात लंगड्या शिंगराच्या पायाला कुणी तेल लावत नाही. माया करायचीच माणसांना भीती वाटावी, असं राज्य तुम्ही तरी उभारू नका.