दिवसपाळी

"माणसाचं खरं चारित्र्य रात्रीच कळतं. दिवसा काय, सगळेच सज्जन असतात!"

वॉचमनकाकांनी आपल्या निरोपसमारंभात हे वाक्य टाकलं, तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. प्लास्टिकच्या बादल्यांच्या गोदामावर एकोणतीस वर्षं रात्रपाळी केलेला माणूस बोलत होता. त्याला तेवढा अधिकार होताच. त्यानंतर बरोबर तीन आठवड्यांनी, रात्री पाऊण वाजता, किनाऱ्यापासून साडेचार तासांवरच्या एका बेटावर, डोक्याला लुकलुकणारी लाल शिंगं लावून आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, काका एका अनोळखी दंतवैद्याचा खांदा धरून नाचत होते.

सहल लेक-जावयानं दिली होती. "बाबा, जन्मभर जागलात. आता तीन रात्री तरी शांत झोपा," असं म्हणून लेकीनं बोटीची तिकिटं हातात ठेवली. बेट एवढंसं. एक धक्का, चाळीसेक घरं, पाहुण्यांसाठी समुद्राकडे तोंड केलेल्या बारा खोल्या. फोनला रेंज फक्त धक्क्याच्या टोकाला, तीही हात वर करून उभं राहिलं तर. संध्याकाळी पाचची शेवटची बोट गेली की उरलेल्यांना दोनच उद्योग राहत: झोपणं, नाहीतर वाळूवर फळ्या टाकून केलेल्या मांडवात जाऊन नाचणं.

काकू पहिल्या रात्री नऊला झोपल्या. काका छताकडे बघत पडले. जे शरीर एकोणतीस वर्षं रात्री खुर्चीत ताठ बसलं, त्याला गादी काय फसवणार? साडेदहाला बाहेर ढोल सुरू झाला. "दाराची कडी लागलीय का बघून येतो गं," काका झोपलेल्या बायकोच्या कानाशी कुजबुजले. खोटं बोलायचंच तर ऐकणारा झोपलेला बरा, हा त्यांचा जुना शिरस्ता. कडी बघायला गेलेला हा माणूस परत आला तो अडीचला, कानात वाळू घेऊन.

दुसऱ्या रात्रीही कडीची तपासणी झाली. तोवर मांडवातले सगळे त्यांना ओळखायला लागले होते. ढोलवाल्याशी गप्पा झाल्या, आचाऱ्यानं जाळावरचा मासा आधी काकांच्या पानात वाढला, तिथल्या राखणदारानं तर "तुम्ही आमच्याच लायनीतले" म्हणून आपली खुर्ची दिली. काका खुशीत होते. फक्त नाचताना गिरकी घेतली आणि तोंड काकू झोपलेल्या खोली नंबर चारकडे झालं, की त्यांचं हसू मावळायचं. गिरकी पुरी झाली की परत उगवायचं. दंतवैद्यानं दोनदा विचारलं, "काका, दाढ दुखतेय का?"

दाढ नव्हती. दुखणं जुनं होतं, आणि ते सबंध जगात एकट्या काकांना ठाऊक होतं.

काकांना रात्रपाळी आवडायची. नुसती आवडायची नाही, ते तिच्यासाठी जगायचे. रात्री बारा ते चार गोदामाच्या फाटकाशी जी मैफल जमायची, तशी राजाच्याही दरबारी जमली नसेल. शेजारच्या कारखान्यातला बॉयलरवाला माउथऑर्गन वाजवायचा. टपाल खात्यात पत्रांची वर्गवारी करणारा एक जण बुद्धिबळाचा पट घेऊन यायचा. मागचा बेकरीवाला चार वाजता पहिला गरम पाव भिंतीवरून फेकायचा. रात्री माणूस कुणाचा नवरा नसतो, कुणाचा बाप नसतो, त्याला कुणी गॅस संपल्याचं सांगत नाही. आणि बादल्या? एकोणतीस वर्षांत एकही चोर फिरकला नाही. बादली चोरायला रात्रीचं जागरण करण्याइतका खुळा चोर त्या गावात नव्हता.

या काळात साहेबांनी काकांना तीनदा दिवसपाळी देऊ केली. काकांनी तिन्ही वेळा नको म्हटलं. आणि घरी येऊन, चेहरा सुतकी करून, तिन्ही वेळा सांगितलं, "नाही म्हणाला साहेब."

झालं! काकूंनी सगळं घर मुकं करून टाकलं. दिवसा काका झोपायचे म्हणून दारावरच्या घंटीची तार त्यांनी स्वतः कापली. कुकरची शिटी वाजायच्या आत त्या धावत जाऊन गॅस बंद करत. एकोणतीस वर्षं घरातली डाळ जराशी कच्चीच राहिली. त्या कपडे शिवायच्या, तर मशीनची खडखड नको म्हणून त्यांनी मशीन शेजारणीकडे नेऊन ठेवलं आणि जन्मभर तिच्या स्वयंपाकघरात, तिच्या सासूची बोलणी ऐकत शिवण केलं. लेक अजूनही इतकं हळू बोलते की जावयाला वाटतं, रुसलीय.

आणि साहेबाच्या नावानं तर काकूंनी बोटं मोडली होती. एकदा त्या स्वतः त्याच्या घरी जाऊन पदर पसरून आल्या. त्यातूनच तिसऱ्यांदा दिवसपाळी मिळाली होती, ती काकांनी परत केली. त्यानंतर अकरा वर्षं काकू साहेबाच्या बायकोशी बोलल्या नव्हत्या. निरोपसमारंभात साहेब गुच्छ घेऊन पुढे आला, तर काकूंनी हात मागे बांधून घेतले. तो बिचारा गुच्छ खुर्चीवर ठेवून गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा आणणारा म्हणाला, "काका, काल तर तुम्ही मांडव गाजवलात!"

काकूंनी कप खाली ठेवला. "कसला मांडव?"

"अगं, ते... झोप येत नव्हती. सवय गं. पाय मोकळे करायला म्हणून जरा..."

काका बोलणी खायला मान खाली घालून बसले. पण काकूंचे डोळे भरून आले. "मेली सवयसुद्धा सोडत नाही माणसाला! नोकरी संपली, पण शरीर अजून पहाराच करतंय. आज मी येते तुमच्याबरोबर. एकटे नका जागू."

बोलणी बसली असती तर काका जेवले असते. त्या दिवशी त्यांना घास जाईना.

रात्री काकू खरंच आल्या, अंगावर लांब शाल घेऊन. दहाला डुलकी लागली, ती ढोलानं मोडली. मग त्या सावरून बसल्या आणि बघतच राहिल्या. पाण्यात दिव्यांच्या रेघा थरथरत होत्या. दंतवैद्य नाचता नाचता वाळूत बसला होता. आचाऱ्यानं काकूंसाठी मासा वेगळा काढून ठेवला होता. काकू हसल्या, टाळ्या पिटल्या, दंतवैद्याच्या बायकोबरोबर चार पावलं टाकूनही आल्या. परत येऊन काकांशेजारी बसल्या आणि मान हलवू लागल्या.

"काय गं?"

"अशी असते होय रात्र! मला काय ठाऊक? मी तर नऊला आडवी. लोक असं हसतात, नाचतात. आणि तुम्ही एकोणतीस वर्षं त्या बादल्यांपुढे एकटे, अंधारात..." काकूंनी नाक पुसलं. "उद्या धक्क्यावर जाते. रेंज मिळाली की त्या साहेबाला फोन लावते. तुमची नोकरी गेली, आता मला कुणाची भीती? त्याला म्हणते, मेल्या, माझ्या माणसाच्या सगळ्या रात्री खाल्ल्यास तू!"

फोन लागला की साहेब दोन वाक्यांत सगळं सांगणार. काकूंना ते दुसऱ्याकडून कळणार. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे तर एकोणतीस वर्षांचं खाल्लेलं वर यायला लागलं होतं.

ढोल जोरात होता. काकांनी खुर्ची ओढून काकूंच्या अगदी जवळ घेतली.

"फोन करू नकोस."

"का? घाबरता अजून?"

"साहेबाचा दोष नाही गं."

"असं कसं? तीनदा नाही म्हणाला ना तो?"

"तो नाही. मी. तीनदा त्यानं दिली. तीनदा मीच नको म्हटलं. मला... मला बरं वाटायचं तिथे. एकटाही नसायचो मी."

काकूंनी वळून बघितलं. "दुसरी बाई?"

"छे! एक बॉयलरवाला. आणि टपालातला एक."

बाई असती तर कदाचित बरं झालं असतं, असं काकूंच्या चेहऱ्यावरून वाटलं.

"तिन्ही वेळा?" त्यांनी विचारलं.

"तिन्ही."

"मी पदर पसरून आले, तेव्हासुद्धा?"

"हो."

काकू समुद्राकडे बघत राहिल्या. ढोलवाल्यानं एक गाणं संपवलं, दुसरं सुरू केलं, तेही संपलं. "शेजारणीची सासू," त्या हळूच म्हणाल्या, "मला शिंपीणबाई म्हणायची. सोळा वर्षं."

काका वाट बघत होते. दुसरी कुणी असती तर पहिल्याच वाक्याला उठून, खोलीचं दार आपटून, कडी लावून घेतली असती. ही उठली नव्हती. खांद्याला खांदा लावून तशीच बसली होती. आपण या बाईच्या पायाची धूळही नाही, हे त्यांना स्वच्छ कळलं.

"तू उठून गेली नाहीस," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "एवढं सगळं ऐकून माझ्याजवळ बसून राहिलीस. माझी लायकी नाही गं. पण हे मी मरेपर्यंत विसरणार नाही."

"उठले असते हो, मघाशीच," काकू म्हणाल्या. "आधी तेवढी खुर्ची उचला. तिचा पाय माझ्या शालीवर आहे."