चिठ्ठीखालचा पिवळा

संग्रहालयातली कापूस भरलेल्या पक्ष्यांची कपाटं दादांच्या ताब्यात होती. पक्षी ओळखण्यात आपला हात धरणारा कोणी नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती. लोकांनीच ती करून दिली होती म्हणा.

त्यांची धाकटी बहीण पक्षिगृह सांभाळायची. तिथे फळं खाणाऱ्या हिरव्या कबुतरांच्या दोन सख्ख्या जाती होत्या. एकीचा थवाच्या थवा, दुसरीचा जगात एकच नर उरलेला, तोही उतारवयाचा. पिल्लू असल्यापासून तिने त्याला हाताने भरवलं होतं. मग जंगलातून एक मादी आली. कुठल्या जातीची? माद्या म्हणजे एकीला झाकावं नि दुसरीला काढावं. दुर्मीळ जातीची मादी तर हल्ली कोणी जिवंत पाहिलीच नव्हती.

दादांनी काचेच्या झाकणाचे दोन्ही खण उपसले. साध्या जातीच्या माद्या अलीकडच्या, शेपटीखाली पिवळ्या. दुर्मीळ जातीच्या फार जुन्या, शेपटीखाली सायीच्या रंगाच्या. पिंजऱ्यातली पिवळी होती.

"साधीच आहे. थव्यात सोड."

"नक्की ना दादा? हा म्हातारा झालाय रे. पुन्हा कधी मिळणार मादी?"

"अगं, हे केस काय उन्हात पिकलेत माझे? आणि दोघांना लांब ठेव. जात बाटायला नको."

विषय संपला.

पावसाळा सरता सरता नर मेला. बहिणीने तो फडक्यात गुंडाळून पाठवला. दादांनी त्यात कापूस भरला, डोळे पुसले आणि खणात जागा करायला एक जुनी मादी उचलली. तिच्या पायांना बांधलेली चिठ्ठी सरकली. चिठ्ठीखालचं पीस पिवळंधमक होतं. बाकीचा रंग इतक्या वर्षांच्या उजेडाने खाल्ला होता. रंग उडतो, हे नव्या माणसांना पहिल्याच दिवशी शिकवणारे दादाच.

तडक बहिणीकडे जाऊन त्यांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

"तो पहाटे घुमायचा ना दादा, तर तेवढी ती मादी एकटीच त्याला ओ द्यायची," ती म्हणाली. "थव्यातलं दुसरं कोणीच नाही. तू म्हणाला होतास लांब ठेव, म्हणून मी मधे पत्रा ठोकला. तरी ती ओ देतच होती. मग मी तिला मागच्या खोलीत नेलं, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून."